समुद्रातली मुशी आणि गोठ्यातली म्हैस



विट्यात बसून शार्क माशावर लेख लिहितो आहे, हे ऐकून आमच्या घरातच हसू झाले. खानापूर तालुक्यात टँकरची वाट पाहण्यात निम्मे आयुष्य गेलेली माणसे आपण. आपल्या येरळेचे पाणीसुद्धा कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागराला मिळते, अरबी समुद्राला नाही. तरीही लिहितो, कारण या माशाचे दुखणे गोठा सांभाळणाऱ्याला जितक्या लवकर कळेल तितके ते मासे खाणाऱ्यालाही कळत नाही.

काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची सहल घेऊन दापोलीच्या कृषी विद्यापीठात गेलो होतो. परतताना रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर थांबलो. टोपल्यांत हात-दीड हात लांबीचे, राखी रंगाचे, चपट्या नाकाचे मासे होते. कोळीण म्हणाली, ही मुशी. मालवणकडे हिलाच मोरी म्हणतात, आणि पुस्तकात शार्क. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांना ते पटेना. शार्क म्हणजे माणूस गिळणारा, अशी त्यांची कल्पना. बाईंनी हसत एक मुशी चिरली, तर पोटात बोटभर लांबीची दहा-बारा पिल्ले! प्रत्येकाला स्वतःची नाळ. बाबा एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "साहेब, ही तर गाभण होती."

बाबांनी नेमके बोट ठेवले. बांगड्याची मादी हजारो अंडी पाण्यात सोडते आणि निघून जाते. त्यांतली बहुतेक मेली तरी उरलेल्यांवर वंश चालतो. मुशीचे तसे नाही. या लहान मुशीला शास्त्रात स्कॉलिओडॉन म्हणतात. ज्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले होते त्यांनी हिचीच चिरफाड करून परीक्षा दिली असेल. हिचे अंडे जेमतेम मोहरीएवढे, पण ते पोटातच राहते आणि गाईम्हशीसारखी वार तयार होऊन आईच्या रक्तातून पिल्लाला पोषण मिळते. पाच-सहा महिन्यांनी ती पिल्ले जिवंत जन्मतात.

ही झाली धाकटी. तिची गोष्ट त्यातल्या त्यात बरी, कारण ती लवकर वयात येते. मोठ्या जातींचा हिशेब फार अवघड आहे. काळ्या टोकाच्या पंखांची जी मुशी असते ती दहा ते बारा महिने गाभण राहते, दोन-चार पिल्ले देते, कधी थोडी जास्त, आणि पुढचे वर्ष भाकड जाते. काही जातींना पहिल्या वेतालाच दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. आता तुम्हीच विचार करा. गावातल्या गाभण म्हशी आणि पारड्या दरवर्षी बाजार दाखवल्या, तर पाच वर्षांनी डेअरीत दूध कोण घालणार? समुद्रात असेच चालले आहे. फरक इतकाच, की तिथला गोठा कुणाच्या मालकीचा नाही आणि रिकामा झालेला दिसतही नाही.

तो दिसावा म्हणून माणसे बंदरांवर उभी राहतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था 1947 साली स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे कोचीला आहे आणि मुंबईतही केंद्र आहे. तिथले लोक होडी लागली की मासे मोजतात, लांबी घेतात, पोटात पिल्ले किती ते पाहतात. मुशीला हाडे नसतात, सगळा सांगाडा कुर्चेचा. पण तिच्या मणक्याचा पातळ काप घेतला की झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्तुळे दिसतात आणि त्यावरून वय काढता येते. काम कंटाळवाणे आणि वासाचे, पण त्यातून काय हाती लागते पाहा. 5 फेब्रुवारी 2016 रोजी मुंबईच्या ससून गोदीत एक मोठी मादी उतरली, अंदाजे 266 सेंटिमीटर लांबीची. फोटो काढला म्हणून कळले, की ती गंगा शार्क होती. त्याआधी दहा वर्षांहून अधिक काळ या जातीची कुठे नोंदच नव्हती. सापडली तीही मेलेली.

पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने अरबी समुद्र आणि त्याला लागून असलेल्या पाण्यातल्या शार्क, पाकट आणि त्यांच्या भाऊबंदांच्या 153 जातींचा अहवाल काढला. त्यांपैकी निम्म्या जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत.

कायदा त्याआधीच आला होता. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा बसएवढा अजस्र मासा येतो. खातो मात्र पाण्यातले बारीक जीव, माणसाच्या वाटेला जात नाही. तेलासाठी आणि मांसासाठी त्याची इतकी कत्तल झाली, की 2001 मध्ये त्याला वन्यजीव कायद्याने वाघाच्या पंक्तीत बसवले. त्याच वर्षी आणखी काही शार्क आणि पाकटांनाही संरक्षण मिळाले. पण नुसत्या कायद्याने भागत नाही. 2004 साली मोरारीबापूंनी गुजरातच्या कोळ्यांना सांगितले, की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. कलमांपेक्षा ते लवकर समजले, आणि पुढे तिथल्या मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क जाळी कापून सोडून दिले. शार्कच्या पंखांच्या निर्यातीवरही 2015 पासून बंदी आहे.

जाळे कापायचे म्हणजे मात्र पोटाला चिमटा. रानडुकराने भुईमूग उकरला तर तुमची जी अवस्था होते, तीच कोळ्याची. म्हणून आपल्या राज्यात डिसेंबर 2018 पासून योजना आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि जाळे कापून तो सोडला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो जोडावा लागतो. वादळी पाण्यात, हलत्या होडीत, एका हातात सुरी आणि दुसऱ्यात मोबाईल! माझे मत विचाराल तर मदत योग्य आहे, पण ती वेळेवर मिळाली तरच पुढच्या वेळी सुरी चालेल. पंचनाम्याच्या कागदामागे हेलपाटे काय असतात, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

माताभगिनींसाठी एक गोष्ट. कोकणात बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देतात. चाल जुनी आहे, हेतूही चांगला. पण मोठ्या शार्कच्या अंगात वर्षानुवर्षे पारा साठत जातो. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी मोठ्या शार्कचे मांस टाळावे, असे डॉक्टर सांगतात.

त्या दिवशी मिरकरवाड्याहून निघताना सहलीतल्या बहुतेकांनी मासळी घेतली. मुशी स्वस्त होती. बाबा टोपलीपाशी थोडा वेळ उभे राहिले, मग पलीकडे गेले आणि बांगडे घेऊन आले. आंबा घाट चढेपर्यंत साऱ्या गाडीला त्यांचा वास येत होता.