टॅब आडवे कशाला? उभे करा!

कांद्याचा हंगाम आला की देवळ्यात माझ्या ब्राउझरवर लासलगाव, उमराणे, पिंपळगावचे भाव, हवामान, सातबारा असे वीस-पंचवीस टॅब उघडे. वर नुसती बारीक चिन्हं. सातबारा कुठला आणि लासलगाव कुठलं, शोधत बसा!

फायरफॉक्सने मार्च २०२५ मध्ये, आवृत्ती १३६ पासून, उभे टॅब दिले. टॅबपट्टीवर राइट क्लिक करून चालू करा. सगळे टॅब डावीकडे एकाखाली एक, नावासकट वाचता येतात. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये ही सोय २०२१ पासूनच आहे, म्हणजे फायरफॉक्सने उशीरच केला म्हणा. रोजचे टॅब पिन करून ठेवा.

टूलबारवर राइट क्लिक करून ‘Customize Toolbar’ उघडलं, की नको ती बटणंही ओढून काढता येतात. घोळ झालाच, तर मूळ मांडणी परत आणायचं बटण तिथेच खाली आहे.