मासे वर का येतात?

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा या दोन नद्या समोरासमोरून येऊन मिळतात आणि काटकोनात वळून पूर्वेकडे जातात. या प्रीतिसंगमाच्या थोडे वरच्या अंगाला, कोयनेच्या काठी, शाळकरी वयातल्या आमच्या कितीतरी रविवारच्या सकाळी गेल्या. हातात बांबूची काठी, तिला तंगुसाचा दोरा आणि गळ, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे. बरोबर कोणी नसे. मित्र एकदोनदा आले, पण तासभर गप्प बसणे त्यांना जमेना. पुढे कॉलेजसाठी सांगलीला गेलो, तेव्हा काठीही बरोबर गेली.

आज मागे वळून पाहताना वाटते, की निरीक्षण करण्याची सवय आम्हाला प्रयोगशाळेत नव्हे, तर या एकट्या सकाळी लागली. मात्र एकदा पाहूनही आम्हाला दिसले नाही. ती चूक सांगायची, तर आधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. पाण्यात राहणारा मासा पाण्याच्या पृष्ठभागावर येतोच कशासाठी?

पिसाची माशी

पहिले कारण सोपे आहे: खाण्यासाठी. संध्याकाळी संथ पाण्यावर एकदम वर्तुळे उठू लागतात. पाऊस नसतो, कोणी खडा टाकलेला नसतो. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर एका माशाने एक कीटक टिपलेला असतो.

यांतले बरेच कीटक पाण्यातच जन्मलेले असतात. मेफ्लाय नावाच्या कीटकाचे उदाहरण घ्या. त्याची पिल्ले पाण्याखाली दगडांना चिकटून कित्येक आठवडे, काही जातींत वर्षभरही वाढतात. मग ती पृष्ठभागावर येतात, कात टाकतात आणि पंख फुटून उडतात. प्रौढ मेफ्लायला खाता येत नाही, कारण तिचे तोंड निकामी असते. काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत अंडी घालून ती मरते. कात टाकणारे आणि अंडी घालायला उतरलेले हे कीटक माशांना आयते मिळतात.

याच गोष्टीचा उपयोग करून पाश्चात्त्य देशांत गळाला खऱ्या किड्याऐवजी पिसे आणि दोरा यांची नकली माशी बांधतात. कॉलेजच्या ग्रंथालयात हे वाचले आणि आम्ही कोंबड्याच्या मानेच्या पिसांची एक माशी तयार केली. काठी जोरात फिरवली, तर माशी चार हातांवर येऊन पडली! पुन्हा फेकली, तरी तेच. कारण उघड होते. दगड दूर जातो, पीस जात नाही. पिसाचे वस्तुमान इतके कमी, की हवेचा विरोध त्याचा वेग लगेच संपवतो. मग फेकायचे काय? पुस्तकातले उत्तर आम्हाला फार आवडले: माशी फेकायचीच नाही, दोरा फेकायचा. वजन दोऱ्यात ठेवायचे, म्हणजे दोरा हवेत उलगडत जातो आणि माशीला बरोबर नेतो. आम्ही सुताला पीळ देऊन, मेण लावून जाड दोरा केला आणि टोकाला हातभर तंगूस जोडला. दहाव्या प्रयत्नाला माशी अलगद पाण्यावर उतरली आणि बोटभर लांबीच्या एका चकचकीत माशाने ती धरली. त्याला सोडून दिले, पण आनंद मोठ्या माशाचा झाला.

माशाची खिडकी

एकटे गेल्याने मासे अधिक का मिळतात? आमची समजूत अशी, की मित्रांच्या गप्पांमुळे मासे पळतात. ही समजूत बव्हंशी चुकीची निघाली.

इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रोनाल्ड्स नावाच्या गृहस्थाने ब्लाइद नदीच्या काठी एक लहान झोपडी बांधून आतून माशांचे निरीक्षण केले. माशांना दिसणार नाही अशा जागी त्याने बंदुकीचे बार काढायला लावले. मासे हलले नाहीत! त्याचे पुस्तक १८३६ साली प्रसिद्ध झाले. हवेतला आवाज पाण्यावर आदळला, की जवळजवळ सगळा परत फिरतो. त्याच्या ऊर्जेचा सुमारे हजारावा भागच पाण्यात शिरतो. मासे बहिरे मात्र नाहीत. रोहू, कटला, खडशी यांच्या कुळातल्या माशांत पोटातली हवेची पिशवी आणि अंतर्कर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळीच असते. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने पाण्याची बारीक हालचाल त्यांना कळते. काठावर आपटलेला पाय जमिनीतून थेट पाण्यात पोचतो. म्हणजे बोलले तर फारसे बिघडत नाही, धावले तर बिघडते.

आता दृष्टी. हवेतून पाण्यात शिरणारा प्रकाश वाकतो. त्यामुळे वरचे सगळे जग, एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत, माशाला सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाटलेले दिसते. या गोल खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात नदीचा तळ दिसतो. खिडकीचा व्यास खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित अधिक भरतो. मासा १ मीटर खोल असेल, तर खिडकी सुमारे २.२७ मीटर रुंद. खिडकीच्या कडेला चित्र फार दबते आणि अंधूक होते. म्हणून पाण्याच्या पातळीपासून १० अंशांहून कमी कोनात असलेली वस्तू माशाला जवळजवळ दिसत नाही.

याचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. डोके पाण्यापासून १.७ मीटर उंचीवर असेल, तर माशाच्या खिडकीपासून सुमारे ९.६ मीटर दूर राहावे लागते. खाली बसून उंची ०.८ मीटर केली, तर ४.५ मीटर पुरतात. बसलेला एकटा मुलगा माशाच्या जगात नसतोच. उभे राहून हातवारे करणारे चार मित्र मात्र असतात.

दुसरे कारण

आता त्या चुकीविषयी. सांगलीत, आयर्विन पुलाच्या खालच्या अंगाला, उन्हाळ्यातल्या एका पहाटे आम्ही पोचलो, तर पाण्यावर शेकडो तोंडे! लहान-मोठे मासे अगदी कडेला आलेले. एवढे भाग्य कधी लाभले नव्हते. गांडूळ लावले, कणकेचा गोळा लावला, पिसाची माशी टाकली. एकाही माशाने तोंड लावले नाही. आम्ही त्यांच्यासमोर उभे होतो, तरी ते पळतही नव्हते. एवढ्यावरूनच कळायला हवे होते.

एक म्हातारे नावाडी होडी बांधता बांधता म्हणाले, "पोरा, गळ काढ वर. ती खायाला न्हाईत आली. दम लागलाय त्यास्नी."

दुपारपर्यंत काठाशी पांढरी पोटे दिसू लागली.

१ लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअसच्या १ लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळतो आणि पाणी तापले की आणखी कमी होतो. उन्हाळ्यात प्रवाह क्षीण असतो. अशा पाण्यात सांडपाणी किंवा कारखान्याची मळी आली, की तिच्यावर जगणारे जिवाणू भराभर वाढतात आणि हा तुटपुंजा प्राणवायू वापरून टाकतात. दिवसा शेवाळ थोडी भर घालते, पण रात्री तेही श्वसनच करते. म्हणून पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. हवेला लागून असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरात तो थोडा शिल्लक राहतो. मासे तिथे तोंड लावून उभे राहतात.

मरळ मात्र वेगळा. तो निरोगी असतानाही अधूनमधून वर येऊन हवा घेतो आणि लगेच खाली जातो. एकटी मरळ वर आली, तर काळजी नको. सगळ्या जातींचे मासे एकदम वर आले, पळेनासे झाले आणि आमिषाकडे पाहीनासे झाले, तर नदी संकटात आहे. ही जुनी गोष्ट नव्हे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता.

दगड उलटून पाहा

मासे मरेपर्यंत थांबण्याची गरज नाही. नदीच्या उथळ, वाहत्या पाण्यातला एक दगड उलटून पाहा. पोटाच्या बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लायची पिल्ले दिसली, तर पाण्यात भरपूर प्राणवायू आहे. गाळात नुसत्या लाल अळ्याच वळवळत असतील, तर शंका घ्यावी. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे आणि त्याच्या बळावर त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. शाळेने महिन्यातून एकदा, एकाच ठिकाणचे असे पाच दगड पाहून वहीत तारीखवार नोंद ठेवली, तर दोन वर्षांत त्या नदीचे प्रगतिपुस्तक तयार होईल. निरीक्षण झाल्यावर दगड होता तसाच ठेवावा. मुलांबरोबर मोठे माणूस हवेच. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत, त्यामुळे जागा स्थानिक लोकांना विचारूनच निवडावी.

आम्ही त्या पहाटे दोन तास आमिषे बदलत बसलो. कोणाला सांगायला धावलो नाही, कारण समोर काय चालले आहे तेच कळले नव्हते. नावाडीकाकांनी ते एका नजरेत ओळखले. त्यांच्याजवळ आयुष्यभराची नोंद होती, तीही वहीशिवाय. आता नदीकाठी रोज बसणारी माणसे कमी झाली आहेत. त्यांची जागा निदान शाळेच्या वहीने घ्यावी. पुढच्या वेळी मासे वर आले, तर ते खायला आले की श्वासासाठी, हे एखाद्या मुलाला त्याच पहाटे ओळखता येईल.