संदर्भसूचीत व्हिएन्ना कुठून आलं?

आर वापरून केलेला एखादा शोधनिबंध उघडा आणि शेवटची संदर्भसूची बघा. लेखकाच्या जागी 'आर कोअर टीम' आणि प्रकाशकाच्या जागी 'आर फाउंडेशन फॉर स्टॅटिस्टिकल कॉम्प्युटिंग, व्हिएन्ना, ऑस्ट्रिया' अशी नोंद बहुतेक वेळा सापडेल. आपण ही ओळ दुसऱ्याच्या प्रबंधातून उचलतो आणि पुढे जातो. पण तुमचे सगळे निष्कर्ष ज्या सॉफ्टवेअरवर उभे राहणार, त्याच्या मागे कोण आहे हे एकदा समजून घ्या. तोंडी परीक्षेतही ते कामाला येईल.

फाउंडेशन म्हणजे कोण?

आरचा जन्म न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात झाला. रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ते लिहिलं आणि १९९५ मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुलं केलं. १९९७ मध्ये कोअर टीम तयार झाली. २९ फेब्रुवारी २००० रोजी १.०.० ही आवृत्ती आली.

आता प्रश्न असा, की वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी मिळून लिहिलेल्या या कोडचे हक्क सांभाळायचे कोणी? देणगी द्यायची तर कोणाच्या नावाने? त्यासाठी कोअर टीममधल्याच लोकांनी व्हिएन्नामध्ये ही ना-नफा संस्था स्थापन केली. आरचे कॉपीराइट सांभाळणं, 'द आर जर्नल' हे नियतकालिक चालवणं, 'यूजआर' परिषदेला पाठिंबा देणं ही तिची कामं. पैसा येतो तो देणग्या आणि सदस्यवर्गणीतून.

याचा आपल्याला काय उपयोग?

पहिला फायदा पैशाचा, तो उघड आहे. दुसरा जास्त महत्त्वाचा. जीपीएलमुळे एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती वापरण्याचा हक्क कोणी परत घेऊ शकत नाही. विभागाने विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला, की तुमचंच विश्लेषण तुम्हाला पुन्हा चालवता येईनासं होऊ शकतं. आरमध्ये ती भीती नाही. शिवाय परीक्षकाला शंका आली, तर एखादं फंक्शन आतून नेमकं काय करतं हे त्याला कोड उघडून बघता येतं.

पण हमी कशाची?

इथे बरेच जण गोंधळतात. आर सुरू करताना पडद्यावर जो मजकूर येतो, त्यातच या सॉफ्टवेअरची कुठलीही हमी नाही असं स्वच्छ सांगितलेलं असतं. त्यातही दोन भाग वेगळे ठेवा. मूळ आर कोअर टीम सांभाळते. क्रॅनवरची हजारो पॅकेजेस मात्र ज्याची त्याने लिहिलेली असतात. पॅकेज नीट इन्स्टॉल होतं का, त्यातली उदाहरणं चालतात का, एवढं क्रॅन तपासतं. आतलं संख्याशास्त्र बरोबर आहे की नाही, हे तपासत नाही. म्हणून 'क्रॅनवर आहे' एवढ्या आधारावर पॅकेज निवडू नका. त्यामागचा शोधनिबंध वाचा, आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा छोट्या डेटावर ते चालवून बघा.

मूळ आरसुद्धा बदलतं बरं का. २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत यादृच्छिक नमुना निवडायची पद्धत बदलली, कारण खूप मोठ्या समष्टीतून निवड करताना जुन्या पद्धतीत सगळ्या घटकांना अगदी समान संधी मिळत नव्हती. परिणाम काय? तोच कोड, तोच सीड, पण आवृत्ती बदलली की नमुना वेगळा. तुम्ही आवृत्ती लिहिली नसेल, तर पाच वर्षांनी तुमचे आकडे जुळले नाहीत म्हणून कोणीही बोट दाखवू शकतं.

मग प्रबंधात काय लिहायचं?

१. आरची पूर्ण आवृत्ती. नुसतं 'आर वापरले' पुरत नाही.
२. वापरलेल्या प्रत्येक मुख्य पॅकेजचं नाव आणि आवृत्ती. 'सेशनइन्फो' हे फंक्शन चालवलं की सगळं एकत्र मिळतं.
३. यादृच्छिक निवड केली असेल तर सीड.
४. संदर्भ. 'सायटेशन' फंक्शन चालवा, नोंद तयार मिळते. कंसात पॅकेजचं नाव दिलं की त्याचाही संदर्भ मिळतो.

चौथा मुद्दा टाळू नका. ही मंडळी तुमच्याकडून एक पैसा घेत नाहीत. त्यांच्या कामाची मोजदाद संशोधनात होते ती अशा संदर्भांतूनच.