मूल येतं ते घर घेऊन

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा सगळा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून औद्योगिक वसाहतींच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांवर वाटल्या गेल्या, आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुलांसाठीच्या कामाचा मागोवा घ्यायचा तर या गुरुवारापासूनच घ्यावा लागतो. संडे स्कूल भरतं रविवारी सकाळी, आणि त्या वेळी निम्म्या मुलांचे वडील पहिल्या पाळीवर असतात. शिकवणारेही त्याच कारखान्यांतले, नाहीतर इस्पितळांतल्या सिस्टर. त्यांनाही रविवार मोकळा मिळेलच याची खात्री नाही.

खरं तर संडे स्कूल जन्माला आलं तेच कामगार मुलांच्या सुट्टीच्या दिवशी. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात वर्तमानपत्र चालवणाऱ्या रॉबर्ट रेक्सनं १७८० साली वर्ग सुरू केला, तो आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलांसाठी. रविवारी तीच मुलं रस्त्यावर हुंदडत. वाचायला शिकणं हा मुख्य धडा आणि त्यासाठीचं पुस्तक बायबल. शिकवणाऱ्या बायकांना रेक्स दिवसाचा एक शिलिंग देत असे. पुढच्या काही दशकांत पगारी शिक्षक मागे पडले आणि बिनपगारी, आपखुशीनं शिकवणारे आले. अलाहाबादला १८७६ साली इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली, तोवर हीच रीत सगळीकडे रुळली होती. त्या एका शिलिंगाचा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. पैसे न देता आपण माणसाकडून त्याचा दिवस मागतो, तेव्हा त्या दिवसाची काळजी घेणं हे मागणाऱ्याचं काम आहे. पाळकसाहेबांनी २००० सालाच्या सुमारास आमच्या संडे स्कूलची जबाबदारी माझ्याकडे दिली, तेव्हापासून मी मुलांपेक्षा शिक्षकांचाच विचार जास्त केला आहे, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं.

तेव्हा एकच वर्ग होता. चार वर्षांच्या मुलीपासून आठवीतल्या मुलापर्यंत सगळे एका सतरंजीवर. फ्लॅनेलग्राफच्या कापडी फळ्यावर दाविदाचं चित्र लावायचं, गोष्ट सांगायची, सोनेरी वचन पाठ करून घ्यायचं, दोन गाणी आणि प्रार्थना. एका ताईंनी कित्येक वर्षं हे सगळं एकटीनं ओढलं होतं. त्या आजारी पडल्या की वर्ग बंद. म्हणून पहिली गोष्ट केली ती जोड्यांची. प्रत्येक वर्गाला दोन शिक्षक, आणि तेही वेगवेगळ्या पाळीचे. एकाची पहिली पाळी लागली तर दुसऱ्यानं यायचं. वर्गाची एक वही ठेवली. कोणती गोष्ट कुठवर आली, कोणतं मूल गैरहजर, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्या वहीत लिहायचं, म्हणजे पुढच्या रविवारी येणारा अंधारात चाचपडत नाही.

तयारीची बैठक गुरुवारी संध्याकाळी ठेवली. पोहे, चहा, आणि येत्या रविवारचा धडा एकानं बाकीच्यांना, ते मुलं आहेत असं समजून, शिकवायचा. नवीन माणसाची भीड तिथेच मोडायची. एक फिटर भाऊ होते, चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटे. त्यांना गोष्ट सांगायला कधीच लावलं नाही. त्यांनी नोहाचं तारू केलं, यरुशलेमेची भिंत केली, प्लायवूडची, जोडता-मोडता येणारी. मोठ्या वर्गातली दांडगी मुलं त्यांच्याभोवती घोळका करून बसत आणि भिंत रचता रचता नहेम्याची गोष्ट आपणहून विचारत. ‘कोण शिकवणार?’ असं मंडळीपुढे उभं राहून विचारलं तर तेच तीन हात वर होतात. कोणाला काय येतं हे आधी पाहून एकेकाला घरी जाऊन विचारलं, तर माणसं नाही म्हणत नाहीत.

आणि मुदत. जून ते एप्रिल, एवढंच मागायचं. एप्रिल संपला की त्या माणसाला मोकळं करायचं, मंडळीसमोर त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि पुन्हा हवं का ते विचारायचं. मुदत नसलेली सेवा माणूस एके दिवशी अर्ध्यावर टाकतो आणि मग शरमेनं चर्चलाही येईनासा होतो, असं मी इतर मंडळ्यांत पाहिलं आहे. आमच्याकडे थांबलेले पुष्कळजण वर्ष-दोन वर्षांनी परत आले.

आता कुटुंबांविषयी. आमच्या मंडळीत येणारी घरं बहुतेक नगर, श्रीरामपूर, जालना या बाजूची. कामासाठी आलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी, गावच्या मंडळीचं पत्र खिशात घेऊन पहिल्या रविवारी दारात उभी राहणारी. गावाकडे त्यांना सगळे ओळखत होते, इथे कोणीच नाही. अशा घराला दारात भेटायला आम्ही दोन माणसं नेमली. त्यांना एवढंच सांगितलं की आधी मुलाशी बोला, त्याच्या उंचीला वाकून त्याचं नाव विचारा, त्याला वर्गापर्यंत स्वतः घेऊन जा, आणि आईला तो वर्ग आतून दाखवा. आडनाव आणि गाव पहिल्या भेटीत विचारायचं नाही. आपल्याकडे हे दोन प्रश्न कशासाठी विचारले जातात हे ज्याला सोसावं लागलं आहे त्याला ठाऊक असतं. चर्चच्या दारात तरी कोणाला तो हिशेब द्यावा लागू नये, याबद्दल मी कधीच तडजोड केली नाही. पुढे ओळख वाढली की माणसं आपलं गाव आपणच सांगतात, आणि तेव्हा ते ऐकायला आनंद वाटतो.

खरं स्वागत मात्र गुरुवारी होई. वडील घरी असत, म्हणून शिक्षकांच्या जोडीनं त्याच दिवशी घरी जायचं. या भेटींनी जे कळलं ते वर्गात कधी कळलं नसतं. एक मुलगा नेहमी उशिरा येई, कारण पाणी सकाळीच सुटायचं आणि भरायला तोच एकटा. एका घरात आई ख्रिस्ती, वडील ख्रिस्ती नाहीत, आणि मुलांनी यावं की नाही यावरून घरात ताण होता. तिथे आम्ही वडिलांशी बोललो आणि त्यांची परवानगी मिळाल्यावरच मुलांची नावं घेतली. शेजारची मुलं मित्रांबरोबर येतात, त्यांच्या आईवडिलांकडूनही आम्ही लेखी होकार घेतो. मुलावर पहिला हक्क त्याच्या घराचा आहे, हे मला मनापासून पटतं.

मुलांच्या स्वागताचा विषय निघाला की मला नेहमी लक्ष्मीबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नगरचं घर आठवतं. दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी किती पोरकी मुलं घरात घेतली, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचायला मिळतं. फुलामुलांचे कवी म्हणून टिळकांना सगळा महाराष्ट्र ओळखतो, पण ती मुलं खरोखर त्यांच्या ताटात जेवत होती.

मे महिन्यातल्या व्हीबीएसनं, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूलनं, आम्हाला शिक्षक दिले. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत सुट्टीतल्या मोकळ्या मुलांसाठी रॉबर्ट बोव्हिल या पाळकानं १९०१ साली चर्चमध्ये हे वर्ग भरवायला सुरुवात केली, आणि ती पद्धत पुढे आपल्याकडेही आली. दहावीची परीक्षा देऊन रिकामी झालेली मुलं आमच्याकडे मदतनीस म्हणून येतात. सरबत वाटणं, कागद कापणं, लहानांना घरी पोचवणं. हळूहळू गाणी घेतात, मग एखादी गोष्ट. आजच्या शिक्षकांतले बरेचजण असे सरबताच्या घागरीपासून वर आलेले आहेत.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ साली आला आणि त्यानंतर आम्ही नियम लिहून काढले. कोणत्याही मोठ्या माणसानं मुलाबरोबर बंद खोलीत एकटं राहायचं नाही, वर्गाचं दार उघडं, लहान मुलाला घ्यायला कोण येणार त्याचं नाव नोंदलेलं. जुन्या काही सेवकांना हे लागलं. आमच्यावर विश्वास नाही का, असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि उत्तर देणंही भाग होतं. आईबाप आपलं लेकरू ओळखीपाळखीच्या भरवशावर आपल्या हाती देतात, आणि नियम त्या भरवशाचं रक्षण करतात, असं मी सांगितलं. ज्यांना तेही पटलं नाही असे एक-दोघे गेले. त्यांची आठवण येते, पण नियम राहिले आणि राहायलाच हवेत.

मग कोविडच्या टाळेबंदीचं २०२० साल. बहुतेक घरांत मोबाईल एकच, आणि टाळेबंदी सैल होताच तो वडिलांबरोबर कामावर जाऊ लागला. म्हणून थेट वर्गापेक्षा रात्री ऐकता येईल अशी छोटी ध्वनिफीत पाठवायला लागलो. आजीसुद्धा ऐकू लागल्या. काही घरं त्या काळात काम सुटून गावी गेली ती परतलीच नाहीत. वहीत नोंद होती म्हणून आम्ही त्यांच्या गावच्या पाळकांना फोन करून मुलांची नावं कळवू शकलो.

आता नवा पेच आहे तो भाषेचा. मुलं इंग्रजी शाळांत जातात, मराठी बायबल अडखळत वाचतात, आणि ‘उपासना संगीता’तली टिळकांची पदं त्यांना कानाला गोड लागतात पण उलगडत नाहीत. इंग्रजी वर्ग काढा, असा काही पालकांचा आग्रह आहे. शिक्षकांमध्ये दोन मतं आहेत. मी मराठीच्या बाजूची आहे, कारण आईबरोबर आणि आजीबरोबर ज्या भाषेत प्रार्थना होते तीच मुलाकडून सुटली तर घर आणि वर्ग वेगळे पडतील. तूर्त असं ठरलं आहे की मोठ्या वर्गात दर रविवारी मंडळीतल्या एखाद्या आजी किंवा आजोबांनी बसायचं, एक पद मुलांबरोबर ओळीओळीनं वाचायचं आणि अर्थ सांगायचा. जूनपर्यंतच्या रविवारांसाठी नावं आली आहेत. पुढची यादी करायला तयारीच्या बैठकीतल्या दोन तरुण मुलींनी घेतली आहे.