फोडणीला टिकणारा रंग

अमेरिकेत १९८०-९०च्या सुमारास बांधलेलं घर ज्यांनी घेतलं, त्यांच्या स्वयंपाकघरात मधाच्या रंगाची ओकची कपाटं बहुधा असतातच. आपण ती पंधरा-वीस वर्षं निमूट वापरतो. मग मुलांची कॉलेजं मार्गी लागतात, कोणाच्या तरी घरी पांढरंशुभ्र किचन दिसतं आणि ‘आपलीही रंगवून घेऊ या’ असा विषय निघतो. नव्या कपाटांच्या मानाने रंग खूप स्वस्त पडतो, हे खरंच. मात्र रंगाच्या दुकानातल्या माणसाला आपला स्वयंपाक ठाऊक नसतो, तो आपणच सांगावा लागतो.

रोजच्या फोडणीची तेलकट वाफ शेगडीच्या आजूबाजूच्या दारांवर बसते आणि तिचा चिकट थर होतो. पुष्कळ घरांतला शेगडीवरचा पंखा वाफ बाहेर न टाकता जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतो, त्यामुळे लांबची कपाटंही सुटत नाहीत. या थरावर कितीही महाग रंग लावला तरी तो धरत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी ठेकेदाराने दारं नुसती ओल्या फडक्याने पुसून रंगवली. पुढच्या दिवाळीच्या आत मुठींभोवतीचा रंग नखाने सालीसारखा निघू लागला. पैसे गेले ते गेलेच, वर सगळा रंग खरवडायचं काम वाढलं.

म्हणून आधी बिजागऱ्या काढून दारं उतरवा, टीएसपी किंवा तसल्याच डीग्रीझरने दोनदा धुवा, स्वच्छ पाण्याने पुसून वाळू द्या. काचकागद त्यानंतरच. आधी घासलं तर तेल लाकडात आणखी चेपलं जातं. घर १९७८च्या आधीचं असेल आणि कपाटांना जुना रंग असेल, तर घासण्यापूर्वी त्यात शिसं आहे का ते तपासून घ्याच. घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती त्या वर्षी. रांगणारं नातवंडं घरात असेल, तर ती धूळ फार महागात पडेल.

ओकची दुसरी खोड म्हणजे टॅनिन. पांढऱ्या रंगातून ते पिवळट-तपकिरी डागांच्या रूपात वर येतं. त्यावर उत्तम उपाय म्हणजे शेलॅकचा प्रायमर. शेलॅक म्हणजे आपला चपडा! झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांतल्या लाखेपासून होणारा, आजोबांच्या कपाटाला सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून लावायचा तोच. टॅनिन आणि जुने वास तो छान अडवतो. वरचा शेवटचा हात मात्र त्याचा नको. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, हे आजोबांच्या टेबलावर आपण पाहिलंय.

वरून भिंतींचा लेटेक्स रंग लावू नये. तो मऊ राहतो, दारं चौकटीला चिकटतात. जुन्या पद्धतीचा ऑइल पेंट कडक होतो, पण पांढरा असेल तर पिवळा पडतो, आणि दाराच्या आतल्या अंधाऱ्या बाजूला जास्तच. सध्या सोयीचा म्हणजे पाण्यात मिसळणारा अल्किड किंवा युरेथेन इनॅमल, सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस. अगदी मॅट घेतला तर हळदीचा हात पुसता पुसत नाही. (हळदीचा डाग उन्हात फिकटतो, पण दार रोज उन्हात कोण नेणार?)

असा रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला साधारण महिना लागतो. तेव्हा हे काम गणपती गेले की लगेच काढावं. दिवाळीच्या आठवड्यात रंगवून त्याच शेगडीवर चकल्या तळणं म्हणजे ताज्या रंगावर तेल शिंपडणं.

माझं मत विचाराल, तर मेपलची कपाटं खुशाल रंगवा. ओकच्या रेषा मात्र इतक्या खोल असतात की लांबी भरल्याशिवाय त्या रंगातूनही दिसत राहतात, आणि तीस-तीस दारांवर लांबी भरणं सोपं नाही. त्यापेक्षा स्वच्छ धुऊन, हलकं घासून, पाण्याच्या पॉलीयुरेथेनचे दोन-तीन हात द्यावेत. लाकूड लाकूडच दिसतं आणि खर्चही कमी.

कोणी जवसाच्या तेलाचं फिनिश सुचवलं, तर एक लक्षात ठेवा. त्या तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकली की आपोआप तापून पेट घेऊ शकतात, आणि इथली घरंही लाकडाचीच. ती पाण्यात बुडवून, बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवा, मगच टाका.