थेंब लहान करण्याची गोष्ट (लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण मास स्पेक्ट्रोमीटरच्या दारापर्यंत आलो होतो. रेणूचं वजन करायचं तर तो हवेत सुटा तरंगता हवा आणि त्याच्यावर विद्युतभार हवा, हे पाहिलं. प्रथिनांचं घोडं नेमकं इथेच अडतं. तापवलं की अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखी ती थिजतात, पुढे करपतात. त्यांची वाफ काही होत नाही.

यातून वाट काढली ती फवाऱ्याने. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे माल्कम डोल एका रंगाच्या कंपनीचं सल्लागाराचं काम करत. मोटारींना विद्युतभारित फवाऱ्याने रंग देतात, हे त्यांना तिथे कळलं. १९६८ साली त्यांनी हीच युक्ती पॉलिस्टायरिनच्या द्रावणावर वापरली. बारीक नळीला काही हजार व्होल्टचा दाब दिला की टोकाशी आलेला द्रव शंकूसारखा ताणला जातो आणि शेंड्यातून भारित थेंब सुटतात. द्रावक उडून जातो, थेंब आकसतो, भार मात्र तेवढाच राहतो. एका थेंबात किती भार मावेल, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्येच मांडलं होतं. ती मर्यादा गाठली की थेंब फुटतो. पिल्लं पुन्हा सुकतात, पुन्हा फुटतात.

डोल यांची कल्पना बरोबर होती, पण निर्वातात शिरताना वायू एकदम प्रसरण पावून गार होई आणि द्रावकाची वाफ रेणूंना परत चिकटे. येल विद्यापीठात जॉन फेन यांनी फवाऱ्याच्या समोरून कोरडा, उबदार नायट्रोजन उलटा सोडला. खळ्यावर धान्य उफणतात तसंच हे. वाऱ्याने फोलपटं उडावीत तशी वाफ मागे हटते. भारित रेणूंना विद्युतक्षेत्र ओढून घेतं आणि ते दारातून आत जातात. या पद्धतीसाठी फेन यांना २००२ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला, तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.

मला मात्र यापुढचा टप्पा जास्त मोलाचा वाटतो. हायडेलबर्गच्या युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरीत मथियास विल्म आणि मथियास मान यांनी १९९०च्या दशकात नळीचं टोकच बारीक केलं. काचेची नळी तापवून ओढायची, वर सोन्याचा पातळ थर द्यायचा. टोकाचं छिद्र एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान. आत एक मायक्रोलिटर नमुना भरायचा आणि टोक समोरच्या धातूच्या पट्टीला अलगद टेकवायचं, की तोंड उघडतं. पंप नाही, काही नाही. द्रव आपसूक मिनिटाला साधारण २० नॅनोलिटर या गतीने बाहेर येतो. साध्या फवाऱ्यात मिनिटाला पाच मायक्रोलिटर जात असेल, तर एवढा नमुना बारा सेकंदांत संपेल. इथे तो पन्नास मिनिटं पुरतो.

नमुना वाचतो, हा झाला एक फायदा. खरा फायदा थेंबात आहे. नेहमीच्या फवाऱ्यातला थेंब एक-दोन मायक्रोमीटरचा असतो, या नॅनोस्प्रेतला त्याच्या दहाव्या हिश्शाहून लहान. व्यास दहापट घटला की घनफळ हजारपट घटतं. मोठा थेंब सुकता सुकता त्यातलं मीठ घट्ट होत जातं, प्रथिनाला बिलगतं आणि सिग्नल मारतं. लहान थेंबाला फार सुकावंच लागत नाही, त्यामुळे प्रथिन त्यातून बरंच निर्मळ सुटतं.

याची किंमतही आहे. इतकं बारीक तोंड धुळीच्या एका कणाने तुंबतं, म्हणून नमुना गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करूनच भरावा लागतो. शिवाय दोन नळ्यांची टोकं तंतोतंत सारखी निघत नाहीत, त्यामुळे आजच्या आणि कालच्या मोजमापांची तुलना जपून करावी लागते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक कळकळीची विनंती. सिग्नल मिळाला नाही तर व्होल्टेज वाढवत बसण्याआधी आपला नमुना कोणत्या बफरमध्ये आहे ते बघा. फॉस्फेट असेल तर तो काढा आणि अमोनियम ॲसिटेट वापरा. त्याचा अमोनिया आणि ॲसेटिक आम्ल होऊन दोन्ही उडून जातात, मागे काही राहत नाही. फॉस्फेटचं मीठ उडत नाही.