ब्लेड सर्व्हर घेण्याआधी: मेमरी, डिस्क आणि बिघाड यांचा हिशेब

व्हर्च्युअलायझेशनसाठी ब्लेड सर्व्हर घ्यायचं ठरलं की हमखास पहिला प्रश्न येतो, 'किती ब्लेडं घ्यायची?' खरं तर हा शेवटचा प्रश्न. आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: मशीनांना मेमरी किती लागेल, डिस्कवर सेकंदाला किती वेळा वाचलं-लिहिलं जाईल आणि एखादा भाग बंद पडला तर काय चालू राहिलंच पाहिजे. ही उत्तरं हातात आली की ब्लेडांची संख्या साध्या भागाकारानं निघते. क्रम उलटा झाला, तर महागडी ब्लेडं अर्धी रिकामी आणि त्यांच्यामागचं स्टोरेज मात्र धापा टाकतंय, अशी गत होते.

चॅसिसमध्ये काय सामायिक असतं

एचपीनं २००६ मध्ये आणलेली सी-७००० ही चॅसिस उदाहरणाला घेऊ. तिची उंची १० यू, म्हणजे ४२ यूच्या रॅकमध्ये अशा चार बसतात. समोरून अर्ध्या उंचीची १६ किंवा पूर्ण उंचीची ८ ब्लेडं लागतात. सहा पॉवर सप्लाय, दहा पंखे आणि मागच्या बाजूला नेटवर्क व स्टोरेजचे स्विच बसवायला आठ जागा. ब्लेडमध्ये फक्त प्रोसेसर, मेमरी आणि एखाद-दोन छोट्या डिस्क असतात. वीज, हवा आणि बाहेर जाणाऱ्या वाटा सगळ्यांच्या एकच. एखाद्या चाळीसारखी ही रचना आहे: खोल्या स्वतंत्र, पण जिना आणि पाण्याची टाकी सामायिक. केबलचा गुंता कमी होतो, जागा वाचते. पण सामायिक भागातला बिघाड एकदम सोळा जणांच्या दारात येतो.

म्हणून वीज पहिल्याच दिवशी नीट आखावी. सहापैकी तीन पॉवर सप्लाय एका फीडवर आणि तीन दुसऱ्या, वेगळ्या यूपीएसच्या फीडवर जोडायचे. प्रत्येक सप्लाय २४०० वॉटचा असेल, तर वापरायची मर्यादा १४,४०० नव्हे, ७२०० वॉट धरायची. कारण एक फीड गेला तर उरलेल्या तिघांनीच भार उचलायचा आहे. एवढ्या विजेची उष्णता बाहेर काढायला दोन टनांहून थोडं अधिक कूलिंग लागतं, तेही एका चॅसिससाठी. पूर्ण भरलेल्या चॅसिसचं वजन दोनशे किलोंच्या वर जातं, तेव्हा फॉल्स फ्लोअरची क्षमताही आधीच तपासून घ्यावी.

आणखी एक बारीक पण महाग पडणारी गोष्ट. अर्ध्या उंचीच्या ब्लेडमधलं पहिलं मेझनीन कार्ड मागच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या जागांशी जोडलेलं असतं, दुसरं ५ ते ८ यांच्याशी. ब्लेडचे अंगचे नेटवर्क पोर्ट १ आणि २ यांच्याशी. फायबर चॅनलचं कार्ड पहिल्या मेझनीनमध्ये असेल, तर फायबर चॅनलचे स्विच ३ आणि ४ मध्येच हवेत. ऑर्डर देण्याआधी हा नकाशा कागदावर काढावाच.

मेमरी आणि प्रोसेसर

समजा, ३०० व्हर्च्युअल मशीनं चालवायची आहेत. प्रत्येकाला सरासरी २ व्हर्च्युअल सीपीयू आणि ८ जीबी मेमरी. हे आकडे अंदाजानं ठरवू नयेत. जुन्या सर्व्हरांवर परफमॉन किंवा आयोस्टॅटसारख्या साधनांनी निदान महिनाभर मोजणी करावी, म्हणजे महिनाअखेरीची धावपळही त्यात येते.

एकूण ६०० व्हर्च्युअल सीपीयू झाले. एका खऱ्या कोअरवर चार, हे सुरुवातीचं प्रचलित प्रमाण धरलं तर १५० कोअर लागतील. ३२ कोअरचं एक ब्लेड, म्हणजे पाच ब्लेडं पुरतात. मेमरीची बेरीज होते २४०० जीबी. ब्लेडमध्ये ५१२ जीबी असेल आणि त्यातली ८० टक्केच वापरायची ठरवली, तर एका ब्लेडमागे सुमारे ४१० जीबी हाती राहते, म्हणजे सहा ब्लेडं. ब्लेडांची संख्या इथे मेमरीनं ठरवली, प्रोसेसरनं नाही, आणि बहुतेक ठिकाणी हेच होतं. एक ब्लेड दुरुस्तीला किंवा बंद पडण्यासाठी राखीव धरा, म्हणजे सात.

मेमरीत काटकसर करू नये, त्याला ठोस कारण आहे. सीपीयू कमी पडला तर मशीनं थोडी थांबून चालतात. मेमरी कमी पडली तर हायपरव्हायझर तिच्यातला मजकूर डिस्कवर उतरवू लागतो आणि मेमरीची टंचाई थेट स्टोरेजच्या डोक्यावर बसते.

सगळी ब्लेडं एकाच चॅसिसमध्ये न ठेवता, साताची आठ करून दोन चॅसिसमध्ये चार-चार वाटलेली बरी. एक पूर्ण चॅसिस गेली, तर उरलेल्या चारांकडे २०४८ जीबी मेमरी असते. सगळी ३०० मशीनं त्यात मावणार नाहीत. मग कोणती आधी उठायची, डेटाबेस की चाचणीची मशीनं, हा क्रम आजच लिहून हायपरव्हायझरच्या सेटिंगमध्ये घालावा. प्रोसेसरचं घराणंही एकच ठेवावं: इंटेलच्या ब्लेडवर चालू असलेलं मशीन एएमडीच्या ब्लेडवर चालत्या स्थितीत हलवता येत नाही.

स्टोरेज: जागा आधी भरत नाही, वेग आधी संपतो

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. चालू मशीन एका ब्लेडवरून दुसऱ्यावर सहज हलावं, म्हणून त्याची डिस्क ब्लेडमध्ये न ठेवता सामायिक स्टोरेजवर ठेवतात. म्हणजे ३०० मशीनांचं वाचन-लेखन एकाच ठिकाणी येऊन आदळतं.

प्रत्येक मशीन सेकंदाला सरासरी ४० वेळा डिस्ककडे जातं असं धरू. यालाच आयऑप्स म्हणतात. एकूण १२,०००. त्यात ६० टक्के वाचन, म्हणजे ७२००, आणि ४० टक्के लेखन, म्हणजे ४८००. वाचन जेवढ्यास तेवढं पडतं; लेखनाची किंमत रेडच्या प्रकारावर ठरते. रेड १० मध्ये प्रत्येक लेखन दोन डिस्कवर होतं, म्हणून दुप्पट. रेड ५ मध्ये एका लहान लेखनासाठी जुना डेटा वाचायचा, जुनी पॅरिटी वाचायची, मग नवा डेटा आणि नवी पॅरिटी लिहायची, म्हणजे चौपट. रेड ६ मध्ये पॅरिटी दोन, म्हणून सहापट.

बेरीज करून पाहा. रेड १० ला डिस्कवरचा खरा भार १६,८००, रेड ५ ला २६,४०० आणि रेड ६ ला ३६,००० होतो. मिनिटाला १०,००० फेरे घेणारी डिस्क सुमारे १४० आयऑप्स देते. म्हणजे अनुक्रमे १२०, १८९ आणि २५८ डिस्क. आता जागेचा हिशेब: ३०० मशीनं, प्रत्येकी १०० जीबी, म्हणजे ३० टीबी. १.२ टीबीच्या डिस्क रेड १० मध्ये लावल्या तर जागेला ५० पुरतात, पण वेगाला १२० लागतात. जागा बघून खरेदी करणारा माणूस इथेच फसतो. एसएसडीनं हे गणित बदललं: एकेक एसएसडी हजारो आयऑप्स देते, त्यामुळे वेगाची टंचाई संपते आणि खर्च जागेवर ठरतो. बॅटरीचा आधार असलेली राइट कॅशही लेखनाचे झटके झेलते. पण भार सतत राहिला तर ती भरते आणि खालच्या डिस्कचा खरा वेग उघडा पडतो.

वाटांचं गणित वेगळं आहे. १२,००० आयऑप्स प्रत्येकी १६ केबीचे धरले तर सेकंदाला १९० एमबीच्या आसपास होतात. ८ गिगाबिटची एक फायबर चॅनल वाट सुमारे ८०० एमबी नेते. म्हणजे रोजच्या कामाला एक वाट भरपूर. तरीही दोन स्वतंत्र फॅब्रिक हवीत, कारण एक तुटली तर दुसरीवरून काम चालू राहावं. वाटा खऱ्या तुंबतात बॅकअपच्या वेळी: ३० टीबी आठ तासांत हलवायचे तर सेकंदाला १००० एमबीहून जास्त लागतात. म्हणून रोज पूर्ण बॅकअप न घेता बदललेला भागच घेणं शहाणपणाचं.

नंतरची शिस्त

थिन प्रोव्हिजनिंगमध्ये मशीनला १०० जीबी दाखवले तरी डिस्कवर वापरलेलीच जागा अडते. सोय मोठी आहे, पण सगळ्यांना मिळून दिलेलं वचन डिस्कपेक्षा मोठं होतं. डेटास्टोअर काठोकाठ भरला तर ज्यांना लिहायला नवी जागा हवी, ती सगळी मशीनं एकदम अडतात. २० ते २५ टक्के जागा मोकळी ठेवावी आणि त्याआधीच सूचना येईल अशी व्यवस्था करावी. स्नॅपशॉटवरही नजर हवी: तो घेतल्यावरचा प्रत्येक बदल वेगळ्या फाइलमध्ये साठतो आणि ती वाढतच राहते. तो बॅकअप नाही, कारण मूळ डिस्क गेली की तोही निरुपयोगी. ७२ तासांच्या आत तो काढून टाकावा, असं व्हीएमवेअरचंही सांगणं आहे.

शेवटी, सगळं जोडून झाल्यावर खरी मशीनं चढवण्याआधी ही यंत्रणा मुद्दाम तोडून बघावी. चाचणीचा भार चालू असताना एक वीज फीड बंद करा, एक फायबर केबल उपसा, एक डिस्क काढा, एक ब्लेड ओढून बाहेर घ्या. प्रत्येक वेळी काय थांबलं, किती वेळ थांबलं आणि डिस्क नव्यानं बांधली जाताना मशीनं किती मंदावली, हे लिहून ठेवा. ही नोंद अपेक्षेशी जुळली, तरच आखणी पूर्ण झाली असं समजावं.